टँडम सायकल: एकाच सायकलवर दोघांची निवांत सफर कशी होते? मागे बसणाऱ्याचं काम नेमकं काय?

दोन मित्र सायकलवर सफरीला निघतात. एकाला रोज सायकल चालवायची सवय आहे, दुसरा हौशी. पहिल्याच चढावर दोघांत अंतर पडतं. पुढचा माथ्यावर पोहोचतो, पाणी पितो, फोटो काढतो, मागच्याची वाट बघतो. दहा मिनिटांनी मागचा धापा टाकत वर येतो. तो आला की लगेच निघायचं, असं न बोलता ठरलेलं असतं. म्हणजे ज्याला विश्रांतीची फारशी गरज नव्हती त्याला ती मिळाली आणि ज्याला खरी गरज होती त्याला नाही. संध्याकाळी दोघं एकाच मुक्कामी पोहोचतात, पण दिवसभर प्रत्येक जण एकटाच असतो.

ग्रुपने सायकलिंग करणाऱ्यांना हे चांगलंच माहीत आहे. यावर सव्वाशे वर्षांहून जुना एक उपाय आहे, तो म्हणजे टँडम. दोन सीट, दोन हँडल, पेडलच्या दोन जोड्या आणि चाकं मात्र दोनच. इथे कुणी पुढे जात नाही आणि कुणी मागे पडत नाही. पण त्यासाठी दोघांनाही काहीतरी सोडावं लागतं आणि मागे बसणाऱ्याला जरा जास्तच. ते काय, आणि तरीही लोक टँडमवर आठवडेच्या आठवडे का फिरतात, ते समजून घेऊ.

टँडम म्हणजे डबलसीट नाही

मराठी माणसाला डबलसीट वेगळं सांगायला नको. २०१५ साली याच नावाचा मराठी सिनेमाही येऊन गेला. डबलसीटमध्ये एक जण पेडल मारतो आणि दुसरा कॅरियरवर किंवा पुढच्या दांडीवर बसतो. मेहनत एकाचीच, दुसरा चालवणाऱ्याच्या दृष्टीने सामानच. टँडमवर दोघांनाही पेडल मारावं लागतं. दुसऱ्याला पर्यायच नसतो, कारण पेडल त्याच्याही पायाखाली फिरत असतं.

शब्दाची गंमत अशी की 'टँडम'चा 'दोन'शी संबंध नाही. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'अखेरीस', 'सरतेशेवटी' असा होतो. इंग्रजीत त्यावर कोटी झाली आणि गाडीला एकामागे एक जुंपलेल्या घोड्यांना हा शब्द लागला. पुढे तो सायकलला चिकटला. त्यामुळे 'टँडम' म्हणजे एकामागे एक. दोघं शेजारी शेजारी बसतात अशीही सायकल असते, तिला 'सोशिएबल' म्हणतात. गप्पांना ती उत्तम, पण निम्मा रस्ता अडवते. ती फारशी का चालली नाही, हे यावरून लक्षात येईल.

टँडमचा पहिला मोठा जमाना १८९० च्या दशकातला. १८९२ साली हॅरी डेक्रे यांनी लिहिलेलं 'डेझी बेल' हे गाणं दोघांच्या सायकलमुळे इंग्लंड-अमेरिकेत घराघरांत पोहोचलं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये आयबीएम ७०४ कॉम्प्युटरला गायला लावलं, तेव्हा निवडलेलं गाणंही हेच होतं. त्या काळातल्या अनेक टँडमवर बाईची सीट पुढे असायची, कारण बाईला मागे बसवणं शिष्टाचारात बसत नव्हतं. पण सायकल पुरुषानेच वळवायची, हाही आग्रह होता. मग मागच्या हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत दांडा जोडायचे आणि सायकल मागून वळवली जायची. म्हणजे पुढची जागा मान म्हणून दिली खरी, पण ताबा दिला नाही.

टँडम ऑलिम्पिकमध्येही होती. १९०८ ला आणि नंतर १९२० पासून १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकपर्यंत ट्रॅकवर टँडमची शर्यत व्हायची. त्यानंतर ती बंद झाली.

कॅप्टन आणि स्टोकर

पुढे बसणाऱ्याला कॅप्टन किंवा पायलट म्हणतात. हँडल, ब्रेक आणि बहुतेक वेळा गिअर त्याच्याच हातात असतात. मागच्याला म्हणतात स्टोकर. हा शब्द आला वाफेच्या इंजिनातून, भट्टीत कोळसा टाकणाऱ्या माणसावरून. मागच्याचं हँडल फिरत नाही, ते फक्त धरायला असतं.

दोघांची पेडलं एका वेगळ्या चेनने जोडलेली असतात. ही चेन साधारणपणे सायकलच्या डाव्या बाजूला असते, तर मागचं चाक फिरवणारी नेहमीची चेन उजवीकडे. यामुळे दोघांचे पाय कायम एकाच गतीने फिरतात. एकाला थांबायचं असेल तर दुसऱ्यालाही थांबावं लागतं. एकाला भराभर पेडल मारायची सवय असेल आणि दुसऱ्याला सावकाश, तर मधली गती शोधावी लागते आणि पहिले दोन दिवस ती कुणालाच आवडत नाही. दोघांना वेगवेगळं पेडल मारता येईल अशाही टँडम आहेत, पण त्या महाग आणि कमी दिसणाऱ्या.

मागचा माणूस जोर लावतोय का, हा टँडमवरचा सनातन संशय. पुढच्याला मागचं दिसत नाही. पाय तर फिरतातच, पण ते नुसते फिरतायत की ढकलतायत, हे कळायला काही दिवस जावे लागतात. मुरलेल्या कॅप्टनला मात्र मागच्याने जोर कमी केला की पेडलवर लगेच जाणवतं.

खरी परीक्षा सुरुवातीला आणि थांबताना होते. निघताना कॅप्टन सायकल दोन्ही पायांमध्ये घेऊन उभा राहतो, पाय नीट फाकवून आणि दोन्ही ब्रेक दाबून. मग स्टोकर मागे चढतो, सीटवर बसतो आणि दोन्ही पाय पेडलवर ठेवतो. म्हणजे निघायच्या आधीच त्याचे पाय जमिनीपासून सुटलेले असतात. तो पूर्णपणे पुढच्याच्या भरवशावर असतो. मग 'एक, दोन, तीन' म्हणून दोघं एकदम जोर देतात. थांबताना उलट क्रम: कॅप्टन पाय टेकवतो, स्टोकर बसूनच राहतो. नवखे स्टोकर इथे चुकतात. सवयीने तेही पाय टेकवायला एका बाजूला झुकतात आणि सायकल दोघांसकट आडवी होते.

मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, समोर कॅप्टनची पाठ असते. त्यामुळे कॅप्टनला सतत बोलावं लागतं: 'खड्डा', 'गिअर बदलतोय', 'पाय थांबव', 'ब्रेक', 'डावीकडे वळतोय'. खड्डा न सांगता आला तर पुढचा सीटवरून थोडा उचलला जातो, मागच्याला मात्र तो थेट कण्यात बसतो. म्हणून सफरीच्या टँडमवर मागच्या सीटखाली अनेकदा स्प्रिंगचा किंवा दबणारा दांडा बसवतात. 'न सांगितलेला खड्डा' हे टँडमवरच्या भांडणांचं पहिलं कारण मानायला हरकत नाही.

मागची जागा म्हणजे फक्त शिक्षा, असंही नाही. स्टोकरचे हात मोकळे असतात. तो नकाशा बघू शकतो, फोटो काढू शकतो, पुढच्याच्या हातात बिस्कीट देऊ शकतो, दोन्ही बाजूंचं शेत, नदी, घरं निवांत बघू शकतो. कॅप्टनची नजर रस्त्यावरच खिळलेली असते. सफरीनंतर दोघांना विचारलं तर जास्त आठवणी बहुतेकदा मागच्याकडे निघतात. आणि पुढच्याचा आवाज पुढेच जातो, मागच्याचा मात्र नीट ऐकू येतो. त्यामुळे गप्पांमध्येही मागचाच वरचढ.

सपाटीवर वेगवान, चढावर संथ, उतारावर सावध

टँडम नेहमीच्या सायकलीपेक्षा जड असते. सफरीची टँडम साधारण १५ ते २० किलोची. मग ती चालवणं सोपं कसं?

सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या आसपास गेल्यावर सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. टँडमवर पुढचा हवा कापतो आणि मागचा त्याच्या आडोशाला असतो. ताकद दोघांची, पण हवेचा अडथळा दोन सायकलींना मिळून होतो त्यापेक्षा बराच कमी. म्हणून तेच दोघं वेगवेगळ्या सायकलींवर जितके वेगात जातील त्यापेक्षा टँडमवर सपाटीला जास्त वेगात जातात.

चढावर हा फायदा संपतो. वेग कमी म्हणजे हवेचा प्रश्नच उरत नाही, फक्त वजन वर न्यायचं असतं. दोघांना एकत्र उभं राहून पेडल मारणं सहजी जमत नाही, त्यामुळे टँडम चढ बसूनच चढते, अगदी लहान गिअरवर. बैलगाडीच्या वेगाने गेलो तरी चालेल, अशी मनाची तयारी लागते.

उताराचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि तो विनोदाचा नाही. दोन माणसं, सायकल आणि सामान मिळून वजन सहज १६०-१७० किलोपर्यंत जातं. ते थांबवायला चाकं मात्र दोनच. चाकाच्या रिमवर घासणारे जुन्या पद्धतीचे ब्रेक लांब उतारावर सतत दाबले तर रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. म्हणून डोंगराळ भागातल्या टँडमला पूर्वी मागच्या चाकावर तिसरा, ड्रम ब्रेक बसवत. आता बहुतेक ठिकाणी मोठ्या चकतीचे डिस्क ब्रेक असतात. टँडमच्या चाकांना स्पोकही जास्त असतात, ३६ किंवा ४०, कधी ४८ सुद्धा. पर्यटनस्थळी तासावर भाड्याने मिळणारी हौशी टँडम आणि सफरीची टँडम यांत फरक आहे तो इथेच. बागेत फिरवायची टँडम घेऊन घाट उतरायला जाऊ नये.

निवांत सफर कुठे? डॅन्यूबचं उदाहरण

टँडमला काय मानवतं हे कळल्यावर रस्ता निवडणं सोपं होतं: सपाट, गाड्या कमी, वळणं मोठी आणि मुक्काम जवळजवळ. या सगळ्यात बसणारा युरोपातला सगळ्यात प्रसिद्ध मार्ग म्हणजे डॅन्यूब नदीकाठचा सायकल मार्ग. त्यातही जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंतचा तुकडा. अंतर साधारण ३०० ते ३२५ किलोमीटर, लोक तो आठवडाभरात करतात. अटलांटिक ते काळा समुद्र अशा 'युरोव्हेलो ६' या लांबलचक मार्गाचाच हा भाग.

हा मार्ग इतका सपाट का, याचं उत्तर इतिहासात आहे. इंजिनं येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणारी जहाजं काठावरून घोडे ओढत नेत. त्या घोड्यांसाठी नदीला लागून वाट ठेवलेली असायची. आजचा सायकल मार्ग बराचसा त्याच वाटांवरून जातो. घोड्यांना चढ नको होता, त्याचा फायदा आज सायकलवाल्यांना होतो.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात. तिथून निघालं की पुढे श्लोगेनला नदी डोंगराला वळसा घालून जवळपास उलट्या दिशेला वळते. तिथे काठ इतका अरुंद आहे की उत्तरेकडच्या बाजूने जाणाऱ्यांना छोट्या होडीत सायकल चढवावी लागते. पुढे लिंझ शहर, मग माउथहाउझेन. नाझींच्या छळछावणीचं स्मारक तिथे आहे आणि ते गावाच्या वर टेकडीवर आहे. टँडम खाली लावून चालत जाणारेही असतात. मग मेल्कचा टेकडीवरचा भव्य मठ आणि तिथून क्रेम्सपर्यंत ३५ किलोमीटरच्या आसपासची वाखाऊ दरी: द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा. २००० साली ही दरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. वाटेत ड्युर्नस्टाइनचा पडका किल्ला लागतो, जिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्टला ११९२ च्या शेवटी कैदेत ठेवलं होतं.

बहुतेक लोक पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, कारण वाराही बहुधा तसाच वाहतो आणि नदीही तिकडेच वाहते. रोज ४०-५० किलोमीटर, दुपारी लांबलचक जेवण, संध्याकाळी गेस्ट हाउस. सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला गाडीने पोहोचवणाऱ्या सेवा तिथे आहेत आणि टँडमवाल्यांसाठी ते वरदान आहे. कारण सरळ आहे: माणसं दोन, पण बॅगा अडकवायची जागा एकाच सायकलची. दोन मागे, दोन पुढे, संपलं. स्वतःचं सामान स्वतः नेणाऱ्या जोडीत प्रत्येकाच्या वाट्याला दोन बॅगा येतात आणि कुणाची चप्पल घरी ठेवायची यावर निघायच्या आधीच चर्चा होते.

टँडमचा खरा वैताग मात्र ट्रेनमध्ये आणि विमानतळावर होतो. साधारण अडीच मीटर लांबीची सायकल डब्यात, लिफ्टमध्ये, जिन्यावर कुठेच नीट मावत नाही. काही गाड्यांमध्ये टँडम चढवूच देत नाहीत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी नियम बघावा लागतो. विमानातून नेण्यासाठी मधून सुटे भाग होणाऱ्या फ्रेम मिळतात, पण त्या स्वस्त नाहीत. भारतातून जाणाऱ्यांसाठी तिथेच आगाऊ सांगून भाड्याने टँडम घेणं जास्त शहाणपणाचं.

कोकणात जमेल का?

हा प्रश्न येणारच. रेवसपासून दक्षिणेला जाणारा सागरी रस्ता सायकलवाल्यांचा लाडका आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडता येतात आणि या बोटींवर चारचाकी चढते, तिथे टँडमला काय अडचण?

अडचण खाड्यांच्या मधल्या रस्त्यात आहे. कोकणचा किनारा नकाशावर सपाट दिसतो, पण गावातून वर सड्यावर आणि सड्यावरून पुन्हा खाली, असा खेळ दिवसभर चालतो. चढ छोटे पण उभे, वळणं अरुंद, वळणानंतर काय आहे ते दिसत नाही आणि पावसाळ्यानंतर रस्त्याचा भरवसा नाही. डॅन्यूबवर दिवसाला ५० किलोमीटर आरामात होत असतील तर इथे ३० धरावेत. डिसेंबर-जानेवारीत, पहाटे लवकर निघून, चांगल्या डिस्क ब्रेकच्या टँडमवर हे होण्यासारखं आहे. पहिलीच सफर असेल तर मात्र श्रीवर्धन, दिवेआगरच्या आसपास दोन दिवस फिरून अंदाज घेतलेला बरा.

मैत्रीचं काय होतं?

टँडमवाल्यांमध्ये एक जुनी थट्टा आहे: तुमचं नातं जिकडे चाललंय तिकडे टँडम तुम्हाला लवकर पोहोचवते. यात तथ्य आहे. वेगवेगळ्या सायकलींवर राग आला तर माणूस अर्धा किलोमीटर पुढे निघून जातो. टँडमवर राग आलेला माणूस हातभर अंतरावर बसून तुमच्याच गतीने पेडल मारत असतो.

तरी मित्रमैत्रिणींनी टँडमवर काय काय केलंय ते बघा. कॅट डिक्सन आणि रॅझ मार्सडेन या पन्नाशी ओलांडलेल्या दोन ब्रिटिश मैत्रिणी जून २०१९ मध्ये ऑक्सफर्डहून टँडमवर निघाल्या आणि २६३ दिवसांत जगाची फेरी पूर्ण करून मार्च २०२० मध्ये परतल्या, कोव्हिडमुळे सीमा बंद होत असतानाच. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. डॉमिनिक गिल या ब्रिटिश फिल्ममेकरची सफर तर आणखी वेगळी. २००६ साली तो अलास्कातून टँडमवर एकटाच निघाला, मागची सीट रिकामी ठेवून. वाटेत जो भेटेल त्याला तो मागे बसायला बोलवायचा. असे शेकडो अनोळखी स्टोकर घेत तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, उशुआयाला पोहोचला.

या सफरींमधून आणि अनुभवी जोड्यांच्या सवयींमधून एक गोष्ट दिसते. थांबायचा अधिकार मागच्याकडे असतो. हँडल, ब्रेक, गिअर, वेग सगळं पुढच्याच्या हातात आहे. मग निदान 'थांब' म्हटलं की पुढच्याने कारण न विचारता थांबायचं, हे ठरलेलं असावं. जिथे हे ठरलेलं नसतं, तिथे तिसऱ्या दिवशी स्टोकर बसने जायचं म्हणतो.

जागा बदलायच्या का? उंची जवळपास सारखी असेल तर जरूर बदलाव्यात. साधारणपणे जास्त अनुभवी आणि वजनाने जड माणूस पुढे बसतो, कारण मागे जास्त वजन असेल तर सायकल आवरणं कठीण जातं. पण आपल्याकडे नवरा-बायको किंवा मित्र-मैत्रीण असली की काही न विचारता पुरुष पुढे, असं होतं. सायकल कुणाला जास्त चांगली चालवता येते, हे आधी विचारायला हवं.

ज्याला दिसत नाही, त्याची सायकल

काहींसाठी मात्र टँडमची मागची सीट हा हौसेचा पर्याय नसतो, रस्त्यावर सायकल चालवण्याचा तोच मार्ग असतो. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन खेळाडूंच्या सायकल शर्यती टँडमवर होतात: पुढे डोळस पायलट, मागे दृष्टिहीन खेळाडू. पदक दोघांनाही मिळतं.

महाराष्ट्रात यासाठी पुण्याचं नाव घ्यावं लागेल. काचबिंदूमुळे तरुणपणी दृष्टी गेलेले दिव्यांशू गणात्रा यांनी पुण्यात 'अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन' सुरू केलं. २०१६ साली त्यांनी टँडमवर मनाली ते खारदुंगला हा हिमालयातला प्रवास केला. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरहून उंच असलेल्या त्या खिंडीत धडधाकट, डोळस सायकलस्वारांचीही दमछाक होते. त्यांच्या संस्थेच्या उपक्रमांत दिव्यांग आणि इतर लोक एकत्र सहभागी होतात. टँडम यात चपखल बसते, कारण तिच्यावर मदत करणारा आणि मदत घेणारा असे दोन गट पडत नाहीत. चढावर मागचा दमदार असेल तर पुढचाच त्याच्या जिवावर वर जातो.

अशा जोडीत कॅप्टन म्हणून बसायचं असेल तर काम थोडं बदलतं. नुसतं 'खड्डा' म्हणून भागत नाही. किती अंतरावर आहे, वळण किती मोठं, उतार किती लांब, समोरून ट्रक येतोय की म्हशी, हे सगळं सांगावं लागतं. न सांगता ब्रेक मारायचा नाही आणि न सांगता सायकलवरून उतरायचं तर अजिबात नाही. सुरुवातीला मोकळ्या मैदानावर तासभर नुसतं निघणं, थांबणं आणि वळणं एवढंच करावं. ते दोघांना न धडपडता जमू लागलं की मग रस्त्यावर यावं, तेही रविवारी सकाळी, गर्दी नसताना.